एक पळस, अकरा सकाळी

१३ एप्रिल २०२५ ला सकाळी साडेनऊ वाजता वनविभागाच्या चौकीवरच्या वहीत ‘बाहेर’ या रकान्यात मी अकराव्यांदा सही केली आणि परवानगीचं पत्र घडी घालून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलं. जानेवारीत एका पळसाच्या बहराचे फोटो काढायचं हे काम हाती घेतलं तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. अर्ज कुणाच्या नावे करायचा, लेन्स कोणती घ्यायची, पहाटे एकटीने जावं का, आणि डोळ्यांना इतकं सुंदर दिसणारं केशरी फूल फोटोत रंगाचा नुसता गोळा होऊन का बसतं, ही सगळी कोडी एकेक करून सोडवावी लागली. पुढच्या वसंतात कोणी असंच एखादं झाड धरून बसणार असेल तर त्याची पायपीट वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात १२ जानेवारीची. रविवारी सकाळी फिरायला गेले होते. राखीव पट्ट्याच्या कडेला, तळ्याच्या वरच्या अंगाला एक पळस आहे. वाकडा, बुटका, एका बाजूला झुकलेला. त्याची पानं गळायला लागली होती. त्याआधीच्या दोन्ही वर्षी मी या झाडाचे फोटो काढायचे ठरवलं होतं आणि दोन्ही वेळा पोचले तेव्हा फुलं खाली पडून सुकली होती. एकदा परीक्षेच्या पेपर तपासणीत अडकले, एकदा ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणत राहिले. पळसाचा बहर एका झाडावर जेमतेम काही आठवडे टिकतो, आणि त्यातही झाड भरून आलेलं असतं ते आठ-दहा दिवस. या वेळी ठरवलं की एकच झाड घ्यायचं आणि कळीपासून शेंगेपर्यंत सोडायचं नाही.

माझ्याकडे सात वर्षं जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारी पट्टी लहान असलेला) डीएसएलआर कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ आणि एक साधी ५० मिलिमीटरची लेन्स होती. हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. ट्रायपॉड नव्हता. तो मैत्रिणीकडून मागून आणला आणि १५ जानेवारीला सकाळी तिथे पोचले. ट्रायपॉड उघडून पाय रोवतेय तोच वनरक्षक आले.

“ताई, फोनवर काढा दोन-चार, कोणी काही म्हणणार नाही. पण हे तिकाटणं लावायचं तर साहेबांचं पत्र लागतं.”

ते नीट बोलले, आणि मला ते आधी ठाऊक असायला हवं होतं. बागा असोत, किल्ले असोत की वनजमीन, हातातल्या कॅमेऱ्याकडे बहुतेक ठिकाणी काणाडोळा होतो, पण ट्रायपॉड दिसला की ते व्यावसायिक चित्रीकरण समजलं जातं. त्यामुळे जागा ठरली की आधी हा प्रश्न विचारून घ्या. लेन्स, बॅग, फिल्टर सगळं नंतर.

१७ जानेवारीला, शुक्रवारी, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज घेऊन कार्यालयात गेले. छापील नमुना नव्हता, साध्या कागदावर लिहायचा होता. सोबत ओळखपत्राची प्रत. अर्जाच्या दोन प्रती नेल्या हे फार बरं झालं. एक आवक-जावकच्या टेबलावर दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून घेतला. ही पोच पुढे प्रत्येक फेरीत दाखवावी लागली. ती नसती तर दर वेळी ‘कोणता अर्ज?’ इथूनच सुरुवात झाली असती.

आठवड्याने, २४ तारखेला गेले तर अर्जावर शेरा होता: ‘प्रयोजन स्पष्ट करावे. साहित्याची यादी जोडावी.’ मी मूळ अर्जात लिहिलं होतं, ‘निसर्ग छायाचित्रणासाठी परवानगी मिळावी.’ एवढ्यावर कोणाला काय कळणार? तिथेच बाकावर बसून नवा परिच्छेद लिहिला. तो इथे देते, कारण त्यानंतर काम पुढे सरकलं: ‘मी हौशी छायाचित्रकार असून तळ्याच्या उत्तरेकडील एका पळस वृक्षाच्या बहराची छायाचित्रे घेऊ इच्छिते. छायाचित्रे विक्रीसाठी नाहीत. सोबत एकच व्यक्ती असेल. ड्रोन, फ्लॅश अथवा पक्ष्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजविणारे साधन वापरले जाणार नाही. फुले, फांद्या तोडल्या जाणार नाहीत.’ खाली कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड यांची नावं आणि अनुक्रमांक. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक तळाशी असतो, लेन्सचा ती कॅमेऱ्याला जोडली जाते त्या माउंटजवळ किंवा पुढच्या कड्यावर. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, वेळेला शोधाशोध होत नाही.

३१ जानेवारीला साहेब दौऱ्यावर होते. परत आले. त्या दिवशी मन खट्टू झालं होतं, कारण येताना रस्त्यातल्या एका पळसाला फांदीच्या टोकांशी काळसर कळ्या दिसल्या. झाड काही फायलीसाठी थांबणार नव्हतं. अखेर ५ फेब्रुवारीला फोन आला आणि पत्र हातात पडलं. अर्ज दिल्यापासून एकोणीस दिवस, कार्यालयाच्या चार फेऱ्या. हौशी कामासाठी शुल्क नव्हतं, फक्त साध्या कागदावर हमीपत्र लिहून घेतलं. मुदत ८ फेब्रुवारी ते १३ एप्रिल, शनिवार-रविवार, सकाळी सहा ते दहा. येता-जाता चौकीवर नोंद. आणि शेवटची अट: काम संपल्यावर निवडक पाच छायाचित्रांच्या प्रती कार्यालयात जमा कराव्यात. विचारलं तर कळलं की प्रती छापील हव्यात, पेनड्राइव्ह चालणार नाही.

या तीन आठवड्यांत मी हात बांधून बसले नव्हते. लेन्सचं बघत होते. ५० मिलिमीटरने फांदी मिळते, पक्षी मिळत नाही. नवी लांब लेन्स परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली ७०-३०० शोधली. २५ जानेवारीला पहिली पाहिली. बाहेरून नव्यासारखी चकचकीत. आधी वाचून ठेवलं होतं तसं दोन्ही झाकणं काढली, ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडं ठेवलं आणि फोनचा टॉर्च मागून तिरपा मारून पुढून आत पाहिलं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. बुरशी. विकणारा म्हणाला, “फोटोत येत नाही हो.” आज येत नसेलही, पण ती वाढते, आणि उजेडाकडे तोंड करून फोटो काढायचा तर चित्र धुरकट होतं. मला तर पळस उजेडाच्या विरुद्ध बाजूनेच हवा होता. नको म्हटलं.

दुसरी १ फेब्रुवारीला मिळाली. कड्यावर रंग उडालेला, झूम फिरवताना किंचित जड, पण काच स्वच्छ. तिची परीक्षा अशी घेतली: ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचे डाग नाहीत ना ते पाहिलं, ३०० मिलिमीटरला विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे मोठे करून तपासले, दूर-जवळ असा फोकस वीस-पंचवीस वेळा बदलून बघितला, आणि बिलावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्याशी जुळवला. या सगळ्याला अर्धा तास लागला. समोरचा माणूस घाई करायला लागला तर ती लेन्स सोडून द्यावी असं माझं मत आहे.

ट्रायपॉडही मग स्वतःचा घेतला, मधला दांडा काढता येणारा, म्हणजे जमिनीलगत बसता येतं. तो आठवडाभर गच्चीवर उडणाऱ्या कावळ्यांवर हात बसवत होते. क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटर म्हणजे पूर्ण आकाराच्या सेन्सरवरच्या ४५०च्या आसपासचं दृश्य. हातात धरून सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा हळू शटर ठेवलं की माझे फोटो हलत होते. लेन्समधलं स्थिरीकरण हाताचा कंप आवरतं, पक्ष्याची मान आवरत नाही. हे कावळ्यांनी शिकवलं ते बरं झालं.

पहिली सकाळ, ९ फेब्रुवारी. माझा धाकटा भाऊ सोबत आला. पहाटे निर्जन जागी एकटीने जायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, आणि प्रत्येक बाईला मी हेच सांगेन. सोबत कोणी नसेल तर निदान चौकीवर वेळ सांगून जा आणि घरी जागेचं ठिकाण पाठवून ठेवा. पावणेसातला पोचलो. झाडावर एकही पान नव्हतं, एकही फूल नव्हतं. फक्त कळ्या. आणि त्या कळ्यांनीच मला तिथे दोन तास बसवून ठेवलं. लांबून काळ्या दिसतात, पण लेन्समधून पाहिलं तर काळपट, हिरवट, तपकिरी मखमल. कोवळ्या उन्हात प्रत्येकीच्या कडेला लवेची चंदेरी रेघ उमटली होती. एखाद्या कळीची मखमल फाटून आतून केशरी जीभ जेमतेम बाहेर आलेली. त्या दिवशीचे सहा फोटो मी ठेवले. पुढच्या भर बहरातल्या कित्येक फोटोंपेक्षा मला ते जास्त आवडतात. बहराची वाट बघत घरी बसणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

१६ फेब्रुवारीला पहिली फुलं. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ अशा अर्थी, आणि फूल जवळून पाहिलं की पटतं. मागे उभी पाकळी, बाजूला दोन पंख, आणि मधल्या दोन पाकळ्यांची जुळून झालेली बाकदार चोच. मी भारावून शंभरेक फोटो काढले. घरी येऊन संगणकावर उघडले तर सगळीकडे सपाट केशरी. पाकळीवरची शीर नाही, लव नाही, वळण नाही. आधीच्या दोन वर्षांत सुकत आलेल्या फुलांच्या फोटोंतही हेच झालं होतं आणि मी कॅमेऱ्याला दोष देत होते.

कारण शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो एकच पांढरा हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे गडद ते उजवीकडे उजळ भाग किती, याचा आलेख) दिसतो तो एकूण उजेडाचा असतो. त्यात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा, लाल-निळ्याचा कमी. पळसाच्या फुलात लाल इतका भरलेला असतो की एकूण आलेख मधोमध शांत बसलेला दिसतो आणि तिकडे लाल रंगाचा आलेख मात्र उजव्या भिंतीवर जाऊन आदळलेला असतो. लाल तुडुंब भरला की त्यातले बारकावे संपले. उपाय सोपा निघाला. कॅमेऱ्याच्या मेनूत लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम चालू करायचे आणि लाल भिंतीला टेकणार नाही इतकं एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा उजेड, खाली आणायचं. मला पूर्ण उन्हात साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावं लागलं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये घ्यायचे. आणि कॅमेऱ्यातली रंग भडक करणारी शैली बंद करून ‘न्यूट्रल’ ठेवायची, कारण पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ फाइलचा नसतो, आतल्या आत तयार होणाऱ्या जेपेग चित्राचा असतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ‘ऑटो’वरून काढून दिवसाच्या उजेडावर बांधून टाका, नाहीतर समोर सगळं केशरी बघून कॅमेरा त्यात निळं मिसळत बसतो. जास्वंद, गुलमोहर, पांगारा, काटेसावर, सगळ्या लाल-केशरी फुलांना हे लागू आहे.

२२ तारखेला सकाळी हे करून पाहिलं. व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढला, पडद्यावर फोटो मोठा केला आणि चोचीच्या कडेवरची बारीक रुपेरी लव दिसली. मी भावाला हाक मारून दाखवली.

त्याच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाची बाजू बदलून बघितली. सूर्य पाठीशी असला की फुलं नुसती रंगीत दिसतात. सूर्य फुलांच्या मागे आला, म्हणजे मी झाडाच्या पश्चिमेला जाऊन उभी राहिले, की पाकळ्यांतून उजेड आरपार येतो आणि झाड आतून पेटल्यासारखं दिसतं. अशा वेळी लेन्सचं हूड, म्हणजे तिच्या तोंडावरचं सावलीचं कडं, लावाच, आणि सूर्य एखाद्या जाड फांदीआड लपवा. पोलरायझर फिल्टर मैत्रिणीने दिला होता. तो सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाला गडद निळं करतो आणि त्या निळ्यावर केशरी खुलतं हे खरं, पण तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो. सकाळी सातच्या अंधुक उजेडात पक्ष्यांसाठी मी तो काढूनच ठेवला.

पक्षी आले ते फेब्रुवारीच्या शेवटी, झाड पूर्ण भरल्यावर. आधी बुलबुल आणि जांभळे शिंजीर, मग साळुंक्या, भांगपाडी मैना, कोतवाल, आणि एक दिवस गुलाबी मैनांचा थवा. भोरड्या म्हणतात यांना, आणि पळसमैना हेही नाव आहे त्यांना. हिवाळा इथे काढून या उन्हाळ्याच्या तोंडावर मध्य आशियाकडे वीण घालायला निघून जातात. म्हणजे पळस फुललेला आणि त्या अजून इथे, असे दिवस थोडे. माझ्या ३०० मिलिमीटरमध्ये त्या लहानच दिसत होत्या, म्हणून १ आणि २ मार्चसाठी १५०-६०० लेन्स भाड्याने घेतली. भाड्याचं सांगते: मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, लेन्सच्या किमतीच्या निम्म्याएवढी अनामत ठेवावी लागली, आणि घेताना-देताना लेन्सवरचा प्रत्येक ओरखडा दोघांच्या समोर लिहून घेतला. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन सोमवारी सकाळी परत केली तर दोनच दिवसांचं भाडं लागलं. आणखी एक गोष्ट मला सुचली नव्हती. परवानगीच्या यादीत ही लेन्स नव्हती. चौकीवर तसं प्रामाणिकपणे सांगितलं, वनरक्षकांनी वहीत अनुक्रमांक लिहून घेतला आणि सोडलं. दुसरीकडे कोणी अडवूही शकेल, तेव्हा अर्जातच ‘व गरजेनुसार एक भाड्याची लेन्स’ असं लिहून ठेवा.

ती लेन्स जवळजवळ दोन किलोची होती. हातात धरून पहिल्या वीस मिनिटांतच दंड भरून आले. ट्रायपॉडवर, त्याचं फिरणारं डोकं सैल ठेवून वापरली तेव्हा जमलं. ऊन चांगलं वर आल्यावर ॲपर्चर एफ/८ (हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ४००, शटर १/१६०० ही माझी नेहमीची मांडणी झाली. सूर्य नुकताच उगवला असेल तेव्हा ॲपर्चर जितकं उघडेल तितकं उघडून आयएसओ ८०० ते १६००. चित्रावर दाणे येतात, येऊ द्यावेत. हललेला पक्षी काही केल्या नीट होत नाही, दाणे कमी करता येतात.

पण पक्ष्यांचे चांगले फोटो यंत्रामुळे नाही आले. पहिल्या दिवशी मी मैनांच्या मागे या फांदीवरून त्या फांदीवर कॅमेरा फिरवत राहिले आणि हाती शेपट्या आल्या. दुसऱ्या दिवशी एकच फांदी धरली, ताज्या उमललेल्या फुलांची, मागे लांबवर मोकळं आकाश असलेली. तिच्यावर फोकस करून ठेवला आणि वाट पाहिली. चाळीस मिनिटं काही नाही. मग एक भोरडी उतरली, फुलाच्या चोचीत आपली चोच खुपसून मध प्यायली, आणि वर बघितलं तेव्हा तिच्या काळ्या तुऱ्यावर परागांची पिवळी पूड लागलेली होती. चार फोटो मिळाले. एका खारीने तर दहा मिनिटं माझ्याकडे ढुंकूनही न बघता एकेक फूल दोन्ही हातांत धरून तपासलं. आवाज वाजवून पक्षी बोलावणारे लोक मी पाहिले आहेत. विणीच्या दिवसांत ते पक्ष्याला नाहक पळवतं, त्याची ताकद वाया घालवतं. मध असलेलं झाड समोर असताना त्याची गरज काय?

९ मार्चला मात्र पंचाईत झाली. घरी फोटो बघताना प्रत्येक आकाशात त्याच त्याच जागी आठ-नऊ राखाडी ठिपके. कोरड्या वाऱ्यात, धुळीत मी दोन लेन्स अदलाबदल करत होते, धूळ सेन्सरवर जाऊन बसली होती. ती एफ/५.६ला दिसत नाही, एफ/१६ला लख्ख दिसते. तपासायचं तर एफ/१६ किंवा २२ला फोकस बिघडवून कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या. ब्लोअरने हवा मारून निम्मे ठिपके गेले. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून मारायची. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचे थेंब उडतात. उरलेल्यांसाठी एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. चार दिवसांनी परत मिळाला तो एका कोपऱ्यात पुसल्याचा ओशट फराटा घेऊन. मी दुकानातच आकाशाचा फोटो काढून दाखवला म्हणून पुन्हा साफ करून मिळाला, वेगळे पैसे न देता. घरी येऊन बघितलं असतं तर कोणी ऐकून घेतलं नसतं. त्यानंतर लेन्स बदलायची तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद करून, बॅगेच्या आत.

१६ मार्चपासून बहर ओसरायला लागला. खाली सडा. मी हे दिवस अगदी जवळच्या फोटोंसाठी ठेवले होते. मॅक्रो लेन्स घेण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून एक्स्टेन्शन ट्यूबचा संच घेतला, १२, २० आणि ३६ मिलिमीटरचा. आत काच नसते, नुसती पोकळ कडी, लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे सरकवतात. विजेचे संपर्क असलेला संच घ्या, नाहीतर ॲपर्चर बदलता येत नाही. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची नाभीय लांबी, तेवढं मोठेपण वाढतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर ३६ची कडी लावली की ०.७२ पट भर पडली, म्हणजे फूल सेन्सरवर जवळजवळ खऱ्या आकाराचं. पण तितक्या जवळ एफ/८लासुद्धा फोकसची खोली एखादा मिलिमीटर. मी श्वास घेतला तरी फोकस सुटत होता. झाडावरच्या फुलाला तर वारा. म्हणून सड्यातलं ताजं फूल तिथेच जमिनीवर ठेवून, ट्रायपॉड जमिनीलगत पसरून, दोन सेकंदांचा टायमर लावून काढलं. पाठीमागे काळा शर्ट. भावाचा. मागच्या बाजूने एक पांढरा पुठ्ठा धरून उजेड परत फेकला. गुडघ्याखाली जुनी चादर घ्या, पळसाखाली खडे फार.

२३ मार्चला पोचलो तर आदल्या रात्रीच्या पावसाने उरलीसुरली फुलं झोडपून काढली होती. मला वाटलं, संपलं. भाऊ म्हणाला, “ताई, आलोच आहोत तर बस.” बसले. तळ्याच्या काठावर साचलेल्या चिखलपाण्यात फुलं तरंगत होती, आणि ढगाळ उजेडात केशरी रंग उन्हातल्यापेक्षा किती तरी खोल दिसत होता. लाल आलेख भिंतीच्या जवळपासही नव्हता. सबंध मोसमात एक्स्पोजरची काळजी न करता फोटो काढले ते त्या एका सकाळी. ढगाळ दिवस रद्द करू नका.

३० तारखेला घरी पाहुणे होते, जाता आलं नाही. ६ एप्रिलला झाडावर चपट्या शेंगा लोंबत होत्या, फिकट हिरव्या, लव असलेल्या. प्रत्येकीत बी एकच, अगदी टोकाशी. वनस्पतिशास्त्रातलं ‘मोनोस्पर्मा’ हे नाव त्यावरूनच. शेंग सूर्यासमोर धरल्यासारखी दिसेल अशा कोनातून काढली तेव्हा टोकाची ती गोल सावली स्पष्ट आली. आणि १३ तारखेला, शेवटच्या सकाळी, एका फांदीच्या शेंड्याला कोवळी पानं. तांबूस, रेशमी, अजून नीट न उलगडलेली. तीनच. लहानपणापासून ऐकलेली म्हण, पण ती तीन पानं फुटताना मी पहिल्यांदा पाहत होते.

अकरा फेऱ्या, ३१४० फोटो, ठेवले ४१. दर रविवारी दुपारी झोपायच्या आधी कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचे आणि मगच कोरं करायचं, एवढा एक नियम पाळला. खर्चाचं गणित शंभर भागांत मांडते, कारण किमती बदलत राहतात: वापरलेली लेन्स ५८, ट्रायपॉड १५, भाड्याची लेन्स ९, पेट्रोल ६, ट्यूब ५, सेन्सरची सफाई ४, छापील प्रती ३. आज पुन्हा करायचं झालं तर ट्रायपॉड आणि ट्यूब आधी घेईन, लांब लेन्स फक्त दोन दिवस भाड्याने आणेन. माझ्या ४१ पैकी २६ फोटो ५० मिलिमीटरच्या जुन्या लेन्सचे आहेत.

१५ एप्रिलला पाच प्रती पाकिटात घालून कार्यालयात दिल्या. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी पाकीट उघडून एकेक फोटो बघितला, कळीच्या फोटोशी थांबल्या, “हे आपल्याकडचंच झाड?” म्हणून विचारलं आणि शिक्का मारला. सहावी प्रत चौकीवर नेऊन वनरक्षकांना दिली, खारीची. त्यांनी सांगितलं की ओढ्याच्या पलीकडे एक काटेसावर आहे आणि ती पळसाच्या आधी, जानेवारीतच फुलायला लागते. म्हणजे पुढचा अर्ज १ डिसेंबरला द्यायला हवा. वरचा मजकूर तोच, फक्त झाडाचं नाव बदलून.